उत्तरार्धात हँडबॉल संघाचा दम सुटतो, तेव्हा बिघाड नेमका कुठे शोधावा

शालेय, विद्यापीठीय आणि जिल्हा पातळीवरच्या हँडबॉल संघांकडून एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. पूर्वार्धात तीन-चार गोलांची आघाडी घेतलेला संघ पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर मंदावतो, फास्ट ब्रेकला, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या वेगवान प्रतिहल्ल्याला, दोघांऐवजी एकच खेळाडू धावतो, चेंडू गमावल्यावर बचावात परतायला उशीर होऊ लागतो आणि सामना हातचा जातो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: सकाळच्या सरावात मैदानाच्या फेऱ्या वाढवल्या जातात. खेळाडू त्या निमूटपणे पूर्ण करतात, महिनाभरात फेऱ्यांचा वेळही सुधारतो, आणि पुढच्या स्पर्धेत तोच प्रकार जवळपास त्याच सुमारास पुन्हा घडतो.

फेऱ्या वाढवून प्रश्न का सुटत नाही, हे एका आकड्यावरून स्पष्ट होते. डेन्मार्कमधील अव्वल दर्जाच्या पुरुष खेळाडूंच्या सामन्यांचे चित्रीकरण तपासून मिकाल्सिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका खेळाडूने सामन्यात कापलेले अंतर सरासरी सुमारे ३.६ किलोमीटर भरले. आपल्याकडे रोज सकाळी पाच किलोमीटर धावणारी मुले कमी नाहीत. म्हणजे जो खेळाडू एका दमात पाच किलोमीटर सहज धावतो, तोच त्याहून कमी अंतराच्या सामन्यात थकतो. त्याला अंतर जड जात नाही. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदानावर थांबणे, वळणे, उडी मारणे, प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे आणि लगेच पुन्हा वेगाने धावणे हे साठ मिनिटे चालू ठेवावे लागते, तेथे तो कमी पडतो.

या प्रत्येक झेपेसाठी लागणारी तातडीची ऊर्जा स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनच्या छोट्याशा साठ्यातून येते आणि तो साठा काही सेकंदांतच खालावतो. तो पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूच्या आधारेच होते. त्याचा साधारण निम्मा भाग अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून निघतो, मात्र पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. हँडबॉलमध्ये तेवढी सवड मिळत नाही, कारण गोल झाल्याबरोबर मध्यावरून चटकन थ्रो-ऑफ (खेळ पुन्हा सुरू करणारी फेक) घेऊन प्रतिस्पर्धी पुन्हा अंगावर येतो. ज्याची एरोबिक क्षमता, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याची ताकद, चांगली, त्याचा साठा त्याच वीस-तीस सेकंदांत जास्त भरतो. म्हणूनच या खेळाला एरोबिक तयारी लागते, पण ती संथ धावण्याने पुरेशी होत नाही, कारण संथ धावताना हृदय आणि फुप्फुसांवर सामन्याइतका ताण येतच नाही.

कोसळण्याची वेळ आधी नोंदवा

कोणताही व्यायाम वाढवण्यापूर्वी संघ कोणत्या मिनिटाला आणि कशा रीतीने ढेपाळतो, हे पाहावे. माझ्या मते बहुतेक संघांत चूक येथेच होते. थकवा दिसला की त्याचे कारण दम कमी असणे हेच असणार, असे गृहीत धरले जाते. बाजूच्या उंच जागेवरून मोबाइलवर संपूर्ण सामना चित्रित करावा आणि नंतर पहिली दहा मिनिटे व शेवटची दहा मिनिटे शेजारी ठेवून पाहावीत. आपल्या संघाने चेंडू गमावल्याच्या क्षणापासून सहाही खेळाडू स्वतःच्या नऊ मीटर रेषेमागे (गोलभोवतीच्या तुटक रेषेमागे) येईपर्यंत किती सेकंद लागतात, हे स्टॉपवॉचने मोजावे.

आकड्यांबरोबर अंगाच्या हालचालीही बारकाईने पाहाव्यात. दमलेला विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक) परतीचे पहिले पाऊल टाकण्याआधी चेंडू कुठे आहे हे वळून पाहतो, आणि त्यात त्याचा एक सेकंद जातो. दमलेल्या बॅकची (लांबून गोलवर चेंडू मारणाऱ्या आक्रमकाची) जंप शॉटची उडी चार बोटांनी कमी होते आणि आतापर्यंत हातांवरून जाणारा चेंडू ब्लॉकमध्ये अडकू लागतो. पिव्होट (प्रतिस्पर्धी बचावाच्या रांगेत उभा राहणारा आक्रमक) खेळ थांबला की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवतो. बचावातले लक्षण सर्वांत महागात पडते. पाय आडवे सरकेनासे झाले की खेळाडू हात पुढे करतो, मागून ओढतो, आणि पंच दोन मिनिटांसाठी बाहेर काढतात. उत्तरार्धात अशा शिक्षा वाढत असतील तर खेळाडूंना शिस्तीवर व्याख्यान देण्याआधी त्यांच्या पायांकडे बघावे. शिवाय त्या दोन मिनिटांत उरलेल्या पाच खेळाडूंवर सहाव्याचा भार पडतो आणि ते आणखी थकतात.

आता वेळेकडे येऊ. खेळाडू पहिल्या सात-आठ मिनिटांतच धापा टाकू लागले आणि नंतर सावरले, तर वॉर्म-अप अपुरा झालेला असतो; शेवटच्या टप्प्यात दोन-तीन वेगवान धावा घातल्या की हा त्रास बहुधा जातो. मध्यंतरानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लागोपाठ गोल बसत असतील, तर दहा-पंधरा मिनिटे बसून अंग थंड झालेले असते. तेव्हा खेळ सुरू होण्याआधी शेवटची तीन मिनिटे पुन्हा हलके धावणे, वळणे आणि दोन झेपा एवढे पुरते. संघ पहिल्या दिवशी व्यवस्थित खेळून दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासूनच जड वाटत असेल, तर जेवण, पाणी आणि झोप यांची चौकशी करावी. मात्र थकवा हळूहळू वाढत जाऊन पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांच्या आसपास उघड दिसत असेल, आणि बारा ते सोळा वयोगटाच्या पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या सामन्यात अखेरच्या दहा मिनिटांत दिसत असेल, तर एरोबिक क्षमतेकडे वळावे.

सरावाने न सुटणाऱ्या गोष्टी

एखाद-दुसराच खेळाडू नेहमी मागे पडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. मुलींच्या संघात तर हे हंगामाच्या सुरुवातीलाच व्हायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि मैदानावर येणाऱ्या मुली याच घरांतून येतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायूच कमी पोहोचतो. अशा मुलीला जास्त पळवणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. तिला डॉक्टरांकडे पाठवावे, गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच सुरू कराव्यात, आणि उपचार चालू असताना सरावाचा भार कमी ठेवावा. धावल्यावर छातीत घरघर किंवा छातीत दुखणे, भोवळ येणे, हृदयाचे ठोके अनियमित वाटणे, यांपैकी काहीही आढळले तर सराव तेथेच थांबवून तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाण्याचा प्रश्न साध्या वजनकाट्याने कळतो. सामन्याआधी व नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी अंगातून गेले असे समजावे. पन्नास किलोच्या खेळाडूचे वजन एक किलोहून अधिक, म्हणजे दोन टक्क्यांपलीकडे घटत असेल, तर त्याचा वेग आणि लक्ष दोन्ही कमी होणार. एकाच दिवशी दोन सामने असतील तर पहिला संपल्यानंतर तासाभरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. पन्नास किलोच्या खेळाडूला दोन केळी आणि एक चपाती गूळ लावून दिली तरी तेवढे भागते. दुसऱ्या सामन्याच्या तोंडावर वडापाव खाऊ देऊ नये. तळलेले पचायला वेळ लागतो आणि पोट जड राहते.

प्रत्येकाचा वेग मोजणे

संपूर्ण संघाला एकच धाव दिली की सशक्त विंगरला ती हलकी पडते आणि वजनदार पिव्होटला झेपत नाही. दोघांनाही योग्य ताण मिळत नाही, आणि तक्रार दर हंगामात परत येण्याचे हे मला सर्वांत मोठे कारण वाटते. त्यासाठी प्रत्येकाचा स्वतःचा वेग माहीत हवा.

बीप टेस्ट आपल्या शाळा-महाविद्यालयांत परिचित आहे, पण ती सलग धावण्याची चाचणी आहे. हँडबॉलसाठी मी फ्रेंच क्रीडाशास्त्रज्ञ मार्टिन बुशाइट यांनी तयार केलेली ३०-१५ इंटरमिटंट फिटनेस टेस्ट अधिक योग्य मानतो. तिच्यात तीस सेकंद चाळीस मीटरच्या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालायच्या आणि पंधरा सेकंद चालत विसावा घ्यायचा असतो. सुरुवात ताशी ८ किलोमीटरने होते आणि दर टप्प्याला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. हँडबॉलच्या मैदानाची लांबीच चाळीस मीटर असल्यामुळे वेगळी मोजणी लागत नाही. दोन्ही गोलरेषा व मधली रेषा तयार असते, फक्त टोकांशी आतल्या बाजूला आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरवर फक्कीची रेघ मारावी लागते. ध्वनिफीत मोबाइलवरून स्पीकरवर लावता येते. बीप वाजताना खेळाडू लागोपाठ तीनदा त्या तीन मीटरच्या पट्ट्यात पोहोचू शकला नाही की त्याची चाचणी संपते, आणि त्याने पूर्ण केलेल्या अखेरच्या टप्प्याचा वेग हा त्याचा वेग म्हणून लिहून ठेवावा. चाचणी घेताना तेच मैदान, तेच बूट आणि दिवसाची तीच वेळ ठेवावी. भर दुपारी डांबरी कोर्टवर घेतलेल्या चाचणीची सकाळी मातीवर घेतलेल्या चाचणीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीचा सराव

मुख्य उपाय आठवड्यातून दोन सत्रांचा आहे आणि त्या दोहोंत किमान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर असावे. पंधरा सेकंद धाव आणि पंधरा सेकंद विसावा, असे सात मिनिटे करावे, चार-पाच मिनिटे चालत विश्रांती घ्यावी, आणि पुन्हा सात मिनिटे करावे. वेग प्रत्येकाच्या चाचणीतील वेगाच्या ९० टक्क्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत ९५ टक्क्यांवर न्यावा.

उदाहरण घेऊ. एका विंगरचा वेग ताशी १९ किलोमीटर आणि पिव्होटचा १६ किलोमीटर आला आहे. ९५ टक्के म्हणजे विंगरसाठी ताशी सुमारे १८ किलोमीटर, सेकंदाला पाच मीटर. पंधरा सेकंदांत पंचाहत्तर मीटर होतील, पण चाळीस मीटरवर एकदा वळावे लागते आणि त्यात अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ जातो, म्हणून ७२ मीटर धरावे. तो गोलरेषेपासून पलीकडच्या गोलरेषेपर्यंत जाऊन ३२ मीटर परत येईल. पिव्होटचे अंतर याच हिशेबाने ६० मीटर भरते, म्हणजे तो चाळीस मीटर जाऊन वीस मीटर परत, थेट मधल्या रेषेपर्यंत येईल. प्रत्येकाच्या अंतिम जागी कोन ठेवावा. शिट्टीला सगळे एकत्र सुटतात आणि दुसऱ्या शिट्टीला प्रत्येकजण आपापल्या कोनाशी पोहोचतो. कोणी कोणाच्या मागे राहत नाही आणि कोणाची सुटकाही होत नाही. दुसऱ्या सात मिनिटांपैकी शेवटच्या मिनिटात कोन अगदी थोडक्यात हुकू लागला, तर भार योग्य आहे. तिसऱ्याच मिनिटाला हुकत असेल तर वेग कमी करावा.

ठोके मोजणारे घड्याळ किंवा छातीचा पट्टा नसला तरी नाडी पाहता येते. सतरा वर्षांच्या खेळाडूचा कमाल ठोका साधारण २०० धरला, तर धाव संपताच गळ्याशी दोन बोटे ठेवून दहा सेकंदांत तीस ठोके भरले म्हणजे तो ९० टक्क्यांवर आहे. चोवीस-पंचवीसच भरत असतील तर सत्र झाले, पण त्याचा उपयोग झाला नाही. वयावरून काढलेला कमाल आकडा व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांनी चुकू शकतो, त्यामुळे खेळाडूच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे पाहूनच निर्णय घ्यावा.

दुसरा पर्याय चार मिनिटांच्या चार फेऱ्यांचा आहे. चार मिनिटे कमाल ठोक्याच्या ९० ते ९५ टक्क्यांवर धावायचे, तीन मिनिटे हलके जॉगिंग करायचे आणि हे चारदा करायचे. नॉर्वेत हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ज्युनियर फुटबॉलपटूंवर हीच पद्धत आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा वापरली, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढली आणि सामन्यात कापलेले अंतर २० टक्क्यांनी वाढले. तो अभ्यास फुटबॉलचा आहे. हँडबॉलसाठी ही पद्धत मी हंगामपूर्व काळात वापरावी असे सुचवेन, आणि स्पर्धा जवळ आल्यावर वळणे असलेल्या पंधरा सेकंदांच्या धावांकडे यावे.

चौदा वर्षांखालील मुलांसाठी मात्र चेंडूसहच्या खेळाला प्राधान्य द्यावे. पूर्ण मैदानावर चारास चार, ड्रिबल करण्यास मनाई, प्रत्येकाने ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याला धरून राहायचे, आणि गोल झाला की गोलरक्षकाने लगेच दुसरा चेंडू टाकायचा. असा तीन-चार मिनिटांचा खेळ, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, चार वेळा. ड्रिबल बंद केल्याबरोबर बाकीच्या तिघांना मोकळी जागा शोधत सतत पळावे लागते, आणि तेथेच व्यायाम घडतो. या पद्धतीची एक त्रुटी लक्षात ठेवावी: खेळाची जाण असलेला हुशार खेळाडू कमी पळूनही चांगला खेळतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला ताण कमी येतो. त्याची नाडी अधूनमधून पाहून त्याला शेवटी पंधरा सेकंदांच्या धावांची एक फेरी द्यावी.

धावण्याने न भरणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे अंगाला अंग भिडवण्याचा थकवा. सहा मीटर रेषेवर पिव्होटला अडवून धरण्यात पाय फारसे हलत नाहीत, पण श्वास कोंडतो आणि ठोके वाढतात. म्हणून पिव्होट आणि मधल्या बचावपटूंना जोडीने दहा सेकंद छातीला छाती लावून रेटायला लावावे, शिट्टीला सुटून मधल्या रेषेपर्यंत वेगाने धावायला लावावे आणि परत येऊन जोडीदार बदलावा. नुसत्या धावण्यात उत्तम असलेला बचावपटू सामन्यात दमतो, तेव्हा उणीव बहुतेक वेळा येथेच असते.

संथ धावणे पूर्णपणे बंद करण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, बोलता-बोलता धावता येईल अशा वेगाने अर्धा तास, तेही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा हंगामाच्या सुरुवातीला, हे उपयोगी आहे. रोजच डांबरावर धावल्याने मात्र नडग्या दुखू लागतात, आणि उडी मारणाऱ्या खेळाडूला ते परवडत नाही. जोराचे एरोबिक सत्र गोलवर चेंडू मारण्याच्या किंवा उड्यांच्या सरावाआधी घेऊ नये. दमलेल्या पायांनी केलेल्या उड्यांतून चुकीची सवय लागते. स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी शेवटचे जोराचे सत्र संपलेले असावे.

आपल्याकडे या साऱ्यात दोन अडथळे ठरलेले असतात. परीक्षांच्या काळात सराव थांबतो आणि दोन ते चार आठवड्यांतच कमावलेली क्षमता उतरू लागते. या काळात आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचे एक सत्र झाले तरी घसरण बरीच आटोक्यात राहते. दुसरा अडथळा पावसाचा आहे. मैदान चिखलाचे झाले की शाळेच्या लांब व्हरांड्यात किंवा सभागृहात वीस मीटरच्या येरझाऱ्या घालता येतात, फक्त वळणे दुप्पट होत असल्यामुळे प्रत्येकाचे अंतर आणखी थोडे कमी करावे. ओल्या फरशीवर वेगाने वळू देऊ नये.

चाचणी सुधारली, सामना तसाच राहिला

सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी. बहुतेकांचा वेग अर्धा ते एक किलोमीटरने वाढलेला असेल आणि तरीही पन्नासाव्या मिनिटाला संघ मंदावत असेल, तर धावा वाढवू नयेत. कागदावर प्रत्येक खेळाडूची खेळलेली मिनिटे मांडावीत. हँडबॉलमध्ये खेळाडू बदलण्याच्या संख्येवर बंधन नाही, खेळ न थांबवता कितीही वेळा खेळाडू बदलता येतो. तरीही आपल्याकडे अनेक संघ तेच सहा खेळाडू तासभर मैदानावर ठेवतात, आणि बाकावरचे खेळाडू सामना हरल्यावर किंवा हाताबाहेर गेल्यावरच उतरतात. युरोपातील संघ चेंडू गमावताच एक-दोन आक्रमक खेळाडू बाहेर काढून बचावात निष्णात खेळाडू आत आणतात, आणि त्यामुळे दोघांनाही विसावा मिळतो.

हे बसवायला सराव लागतो. बदलाची जागा आपल्या बाकासमोर असते, त्यामुळे उत्तरार्धात बाजू बदलल्यावर बचावात येणाऱ्या खेळाडूला जास्त अंतर धावावे लागते. कोणाला कोणत्या अर्धात बदलायचे ते आधी ठरवलेले असावे. सुरुवातीला फक्त एका बॅकची आणि एका बचावपटूची जोडी लावावी, पूर्वार्धाच्या दहाव्या मिनिटापासूनच ती अदलाबदल सुरू करावी, आणि पुढच्या तीन-चार सामन्यांत शेवटच्या दहा मिनिटांतला परतीचा वेळ पुन्हा स्टॉपवॉचने मोजून पहिल्या दहा मिनिटांशी ताडून पाहावा.